आधी पगार, मग ईदी

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नात्यातल्या एका गॅरेजवाल्यांकडे इफ्तारला गेलो होतो. कोल्हापुरात दुचाकी दुरुस्तीचं त्यांचं गॅरेज आहे, हाताखाली चार माणसं. दस्तरखान उठल्यावर भाभींनी कपाटातून पाकिटं काढली. एकावर थोरल्या मिस्त्रीचं नाव होतं. ईदी का, म्हणून आम्ही सहज विचारलं.

"जकात आहे," भाई म्हणाले. "गरीब आहे बिचारा, तीन पोरी आहेत. घरचाच माणूस, त्याला सोडून बाहेर कुणाला द्यायची?"

मग त्याचा पगार किती, असं विचारल्यावर भाई थोडे अडखळले. "तसा आकडा ठरलेला नाही. लागेल तशी उचल घेतो, महिन्याला हिशेब करतो."

भाई दिलदार आहेत, यात शंका नाही. मिस्त्रीच्या पोरींच्या वह्या-पुस्तकांपासून सासूच्या ऑपरेशनपर्यंत त्यांनी हात दिला आहे. तरीही ते पाकीट पाहून आमच्या मनात एक प्रश्न आला आणि तो आम्ही विचारून टाकला: रोजचे दहा तास, नऊ वर्षं, ज्याच्या हातावर आपलं गॅरेज चालतं, तो माणूस आपल्याच जकातीला पात्र कसा ठरला?

गरजू नोकराला जकात देता येते, पण ती मेहनताण्याच्या जागी धरता येत नाही, हा मसला आपल्याला ठाऊक असतो. मात्र पगारच ठरलेला नसेल, तर पाकिटातला कुठला रुपया जकातीचा आणि कुठला त्याच्या घामाचा, हे मालकालाही सांगता येणार नाही. घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण लहान मुलांनाही पाठ असते. पण जी मजुरी ठरलीच नाही, ती वेळेवर देणार कशी?

मूसा (अ.) मदयनला पोहोचले तो प्रसंग इथे आठवतो. त्यांना कामाला ठेवा असं सुचवलं ते त्या घरातल्या मुलीने. माणूस ताकदीचा आणि विश्वासू आहे, हे तिने पाहिलं होतं. वडिलांनी मग आठ वर्षं काम, दहा केली तर ती तुमची मर्जी, असा सरळ करार समोर ठेवला आणि तुम्हाला अडचणीत घालायचं नाही, हेही सांगितलं. घरात घेतलेल्या, जावई होणाऱ्या माणसाशीसुद्धा अटी आधी बोलल्या गेल्या. आपण मात्र "घरचाच आहे" म्हणून अटी बोलायचं टाळतो.

न ठरवण्याची किंमत कोण मोजतो, ते ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दिसलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता, शहरातल्या कितीतरी गल्ल्या बुडाल्या होत्या. भाईंचं गॅरेज बारा दिवस बंद राहिलं. पाणी ओसरलं तशी चिखलाने भरलेल्या गाड्यांची रांग लागली आणि मिस्त्री महिनाभर रात्री अकरापर्यंत इंजिनं उघडत बसला. महिन्याच्या हिशेबात बारा खाडे धरले गेले. रात्रीचे तास कुणी धरले नाहीत. एका शुक्रवारी सगळ्यांना बिर्याणी मिळाली. मिस्त्री काही बोलला नाही. त्याच्या बायकोने भाभींना खूप दिवसांनी सांगितलं की त्या महिन्यात तिने कानातले गहाण ठेवले होते.

मग आकडा ठरवायचा कसा? पहिली पायरी सरकारी किमान वेतनाची. १९४८ च्या कायद्यापासून हे दर ठरत आले आहेत. कुशल, अर्धकुशल, अकुशल असे ते वेगळे असतात आणि महागाईप्रमाणे विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. कामगार आयुक्त कार्यालयात दरपत्रक पाहायला मिळतं. त्याच्या खाली जायचंच नाही. पण तो तळ आहे, मिस्त्रीची किंमत नव्हे. हा माणूस उद्या सोडून गेला तर तसा दुसरा कितीला मिळेल, हे स्वतःला विचारावं. भाभींनी आणखी सोपी रीत काढली. त्यांनी स्वतःच्या घरचं भाडं, किराणा, शाळेची फी, दवाखाना लिहून काढलं आणि म्हणाल्या, "एवढ्यात आपलं भागलं असतं का, ते बघा."

समजा १३,००० ठरले. २६ दिवसांनी भागले की रोज ५०० पडतो. मग खाडा किंवा जादा दिवस, दोन्हीचा हिशेब दोघांनाही कळतो. दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे १९७२ च्या कायद्यापासून, पाच वर्षं झालेल्याला दरवर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची ग्रॅच्युइटी मिळत आली आहे. चार माणसांच्या गॅरेजला हा नियम लागू नाही, पण हिशेब उसना घ्यायला कुणाची मनाई आहे? ५०० गुणिले १५ म्हणजे वर्षाला ७,५००, महिन्याला ६२५ बाजूला टाकायचे. नऊ वर्षं टाकले असते तर मिस्त्रीचे आज ६७,५०० झाले असते. एका पोरीच्या लग्नात उचल मागायची वेळ आली नसती.

सुट्ट्यांचंही तसंच. २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा आला तेव्हा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी आठवड्याची सुट्टी, वर्षाला आठ किरकोळ रजा, आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आणि जादा कामाला दुप्पट दर त्यात लिहिला होता. चौघांच्या गॅरेजला सगळं झेपणार नाही. निदान आठवड्याची सुट्टी आणि आजारपणाच्या चार रजा पगारी करता येतात. अपघाताला २ लाखांचं संरक्षण देणारी सरकारी सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत आहे. विम्याबद्दल ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी आलिमांना विचारावं. मात्र विमा नको म्हणणाऱ्याने ग्राइंडरने बोट कापलं तर बिल आपण भरू, हे आधीच सांगून ठेवावं.

परवडत नाही, हे भाईंचं उत्तर खोटं नाही. सर्व्हिसिंगचे शंभर वाढवले की गिऱ्हाईक पुढच्या गॅरेजला जातं. आम्हीच गाडी घ्यायला गेलो की पन्नास कमी करा म्हणतो. ते पन्नास भाईंच्या खिशातून जातात की मिस्त्रीच्या, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

ईदनंतर भाभींनी नवी वही केली. प्रत्येकाचं नाव, पगार, सुट्टी आणि तारीख: महिन्याची ७. ईदी आणि जकातीची वही वेगळी. मिस्त्रीला बोलावून आकडा वाचून दाखवला तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "आणि माझी उचल?" अठरा हजार आहेत. पगारातून महिन्याला हजार कापावेत असं भाईंचं म्हणणं आहे. भाभी म्हणतात, पुराच्या महिन्याचे बारा दिवस आणि त्या रात्री आधी वजा करा, मग बघू. त्यांचं अजून जमलेलं नाही.