पित्ताची गोळी : केव्हा आणि किती दिवस?

गल्ल्यात सुट्या पैशांशेजारी पित्ताच्या गोळ्यांची पट्टी नाही, असे दुकान आपल्या समाजात विरळाच. न्याहारी घाईची, दुपारचा डबा गिऱ्हाईक ओसरल्यावर, चहा मात्र वेळोवेळी. मग छातीत जळजळ, आंबट ढेकर आणि समोरच्या औषधवाल्याने दिलेली पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल किंवा रॅबेप्राझोल. औषधे चांगली आहेत, यात शंका नाही. परंतु ती घेण्याची वेळ आणि मुदत या दोन गोष्टी आपल्याकडे क्वचितच कोणी विचारतो.

जठराच्या अस्तरातील पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. अन्नाची चाहूल लागताच ते सुरू होतात, आणि ही गोळी नेमके चालू झालेलेच पंप बंद करते. त्यामुळे अन्न पोटात जाण्यापूर्वी ३० ते ६० मिनिटे ती घ्यावयाची असते. भरपेट जेवून जळजळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग फारच थोडा. पूर्ण गुण येण्यास तीन-चार दिवस लागतात, तेव्हा पहिल्याच दिवशी ‘लागू पडली नाही’ म्हणून दुसरी घेऊ नये. गोळीवरील आवरण तिला जठरातील आम्लापासून वाचविते. ती चावू नये, कुटू नये.

नवकारशी करणाऱ्यांची सोय सहज होते. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी पच्चक्खाण पारून प्रथम पाण्याबरोबर गोळी घ्यावी; दूध-खाखरा अर्ध्या तासाने. चौविहाराचा तर येथे लाभच आहे, कारण जेवण आणि निजणे यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवा, असे डॉक्टर आम्लाच्या रुग्णांना आवर्जून सांगतात. उपवासाचा प्रश्न मात्र निराळा. अन्नच नसेल तर बहुतेक पंप निवांत असतात आणि गोळीला करण्यासारखे काम कमी उरते. तथापि ज्यांना व्रण होऊन गेला आहे किंवा ज्यांना रोज ॲस्पिरिन घ्यावी लागते, त्यांनी अठ्ठाई वा वर्षीतप आरंभण्याआधी डॉक्टरांना विचारावे, आणि काय ठरले ते महाराजसाहेबांच्या कानी घालून मगच पच्चक्खाण घ्यावे. मध्येच औषध सोडण्यापेक्षा हे बरे.

कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. ते टाळण्यासाठी काही घरांत कॅप्सूल उघडून आतले दाणे चावून खाल्ले जातात. त्याने औषधाचे संरक्षक आवरणच फुटते. डॉक्टरांकडे गोळीचे रूप मागावे. पॅन्टोप्राझोल तर बहुधा गोळीतच मिळते.

आता मुदत. साध्या जळजळीसाठी चार ते आठ आठवडे बहुधा पुरतात. आपल्याकडे मात्र एकदा लिहून दिलेली गोळी वडिलोपार्जित खात्यासारखी वर्षानुवर्षे पुढे ओढली जाते. याची झळ आपल्यासारख्या शाकाहारी घरांना अधिक बसते. बी-१२ हे जीवनसत्त्व आपल्याला मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते, आणि त्यातील प्रथिनांपासून ते सुटे होण्यास जठरातील आम्लच लागते. आम्ल दीर्घकाळ दाबले की मुळातच तुटपुंजी असलेली आवक आणखी घटते. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही बी-१२चे शोषण कमी करते. पायांना मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा हे सारे वयावर ढकलले जाते, आणि मज्जातंतूंची हानी फार पुढे गेली तर ती पूर्ण भरून येत नाही. वर्षाहून अधिक काळ गोळी चालू असल्यास बी-१२ची तपासणी करून घ्यावी. त्याच्या गोळ्यांतील बी-१२ जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते आणि ते शोषले जाण्यास आम्लाची गरज लागत नाही.

दीर्घकाळ घेतलेली गोळी एकाएकी सोडली तर काही दिवस आम्ल पूर्वीपेक्षा जोराने उसळते आणि ‘गोळीशिवाय जमतच नाही’ असे वाटू लागते. म्हणून मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी. व्रणातून रक्तस्राव झालेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी मात्र स्वतःच्या मनाने ती थांबवू नये. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल टाळतात. असे औषध चालू असल्याचे आधीच सांगावे. पातळ अँटासिड आणि थायरॉइडची गोळी यांत चार तासांचे अंतर हवे. फ्रूट सॉल्ट किंवा खाण्याचा सोडा म्हणजे सोडियमच, हे रक्तदाबाच्या रुग्णांनी विसरू नये. पट्टीवरील नावापुढे ‘डी’ असेल तर त्यात बहुधा डॉम्पेरिडोनही असते. वृद्धांच्या व हृदयरोग्यांच्या हृदयाची लय त्याने बिघडू शकते, म्हणून ती पट्टी आपल्या मनाने आणू नये.

गिळताना अन्न अडकणे, काळी शौचास होणे, रक्ताची उलटी, कारणावाचून वजन उतरणे, किंवा साठीच्या सुमारास प्रथमच सुरू झालेला त्रास यांवर गोळी घेत बसू नये. डॉक्टर एंडोस्कोपी सांगतील, ती करून घ्यावी. आणि पायऱ्या चढताना छातीत दाटून आले, घाम सुटला, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ गेली, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून पट्टी शोधू नये. गल्ला तसाच सोडून रुग्णालय गाठावे. शटर ओढायला दुकानात माणसे असतात.