डबा बदलण्याआधी कोड विचारा

गेल्या पावसाळ्यात आमची गाडी भर चौकात दोनदा बंद पडली. मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागलेला. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, दोन वायरी हलवून पाहिल्या आणि म्हणाला, "ईसीएम गेलाय साहेब, तीस हजार धरून चाला." मी गाडी दुसरीकडे नेली. तिथल्या मेकॅनिकने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. कोड आला पी ०३३५, म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट. त्याने सेन्सरचा कनेक्टर ओढून काढला, तर एका पिनेवर हिरवट गंज चढलेला. पिन साफ केली, कनेक्टर 'टक्' वाजेपर्यंत बसवला आणि गाडी सुरू झाली.

ईसीएम म्हणा की ईसीयू, इंजिनाला पेट्रोल किती आणि ठिणगी कधी हे ठरवणारा हा डबा उष्णता आणि हादरे सोसायलाच बनवलेला असतो. आतला प्रोग्राम अडकला तर तो स्वतःच पुन्हा सुरू होतो. एखादा सेन्सर बंद पडला तर बऱ्याचदा ठरीव आकडा धरून तो गाडी घरापर्यंत आणतो. शिवाय बिघाडाचा कोड आणि त्या क्षणीचा वेग, आरपीएम, तापमान यांची नोंदही ठेवतो. त्याच्याआधी बहुधा दगा देतात त्या वायरी, कनेक्टर, अर्थिंग आणि बॅटरी.

म्हणून गाडीवाल्यांनो, एवढं सांभाळा.

चावी ऑन केली की पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. जुनी गाडी घेताना हे आवर्जून बघा. चावी फिरवूनही दिवा लागतच नसेल, तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. चालताना दिवा स्थिर जळत असेल तर लवकर दाखवून घ्या. लुकलुकत असेल तर वेग कमी करा आणि सोयीची जागा बघून थांबा. अशा वेळी इंजिन मिसिंग करत असतं, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि तो महागडा भाग जळू शकतो.

दिवा घालवायला बॅटरीची वायर काढू नका. अनेक गाड्यांत त्याने कोड पुसला जातो, दुखणं तसंच राहतं.

बॅटरी मल्टिमीटरने तपासून घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर साधारण १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत.

बॉनेटखाली प्रेशरच्या पाण्याचा फवारा मारू देऊ नका. बॉडीला वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. म्युझिक सिस्टीम किंवा जादा दिव्यांसाठी ईसीयूची वायर सोलून जोड मारू देऊ नका. पावसाळ्यात बॉनेट उघडून उंदरांच्या लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरी बघत जा.

इतकं करूनही कुणी डबा बदलायला सांगितलाच, तर आधी विचारा, "कोड काय आला? वायरिंग आणि अर्थिंग तपासलं का?" उत्तर बिलावर लिहून मागा. शॉर्ट वायर तशीच राहिली तर नवा डबाही जळू शकतो, आणि दुसऱ्या गाडीचा जुना डबा तुमच्या चावीला ओळखेलच असं नाही.