पुढचा भाग कधी?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ होती, वीज गेलेली होती, आणि मी सोप्यात खुर्ची टाकून बसलो होतो. आमच्या गल्लीतली एक मुलगी आली. बी. ए. झालेली, सध्या स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी. मी कादंबऱ्या लिहितो हे कडेगावात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. वाचलेल्या मात्र फार थोड्यांनी आहेत. असो. "काका, तुमच्याकडं जरा काम होतं," असं म्हणत तिनं मोबाइल पुढं धरला.

मोबाइलवर तिची कादंबरी होती. चौतीस भाग झाले होते आणि पस्तिसावा अडला होता. प्रत्येक भागाखाली वाचकांचे अभिप्राय होते : 'खूप छान', 'अप्रतिम', 'डोळ्यांत पाणी आलं', आणि सगळ्यांत जास्त वेळा, 'पुढचा भाग कधी?' नागपूरच्या एका बाई रोज लिहीत होत्या. मस्कतहून कुणीतरी लिहीत होतं. माझ्या पहिल्या कादंबरीच्या हजार प्रती संपायला नऊ वर्षं लागली. या पोरीच्या एकेका भागाला आठवड्याभरात त्याहून जास्त वाचक मिळत होते. खोटं कशाला बोलू, मनात थोडी असूया आली.

आता अशा लेखनाला नाकं मुरडणारे माझ्या वयाचे बरेच लेखक आहेत. मला त्यात अर्थ दिसत नाही. भागाभागानं गोष्ट सांगणं मोबाइलनं आणलेलं नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्ष्यांत कोण घेतो!' त्यात क्रमशः छापली. मराठी कादंबरी मोठी झाली ती अशी, आठवड्याच्या हप्त्यांनी. मात्र त्याच हरिभाऊंच्या 'कर्मयोग', 'कालकूट' यांसारख्या कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. हप्त्यांचा धंदा हरिभाऊंसारख्यालाही सगळीकडे पेलला नाही, तिथं बाविशीच्या मुलीची काय कथा!

मी तिला विचारलं, "शेवट काय आहे गं?"

"अजून ठरलेला नाही. वाचक सांगतील तसं करीन म्हणते."

कडेगावचे ताबूत तुम्ही ऐकून असाल. मोहरमला शंभर फुटांहून उंच ताबूत इथं उभे राहतात, हिंदू-मुसलमान मिळून ते उभे करतात, आणि त्यांच्या भेटी बघायला लांबून माणसं येतात. बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही ती गोष्ट बांधणीची आहे. इथं आधी कळस बांधतात. तो वर उचलायचा, त्याच्याखाली पुढचा मजला जोडायचा, मग ते सगळं पुन्हा उचलायचं. पाया सर्वांत शेवटी. ती मुलगी लहानपणापासून हे बघत आली आहे, म्हणून मी एवढंच म्हटलं, "कळस कसा आहे ते ठाऊक नसताना तू चौतीस मजले चढवलेस?" ती हसली. पण तिला ते लागलं असावं, कारण तिनं लगेच मोबाइल पालथा ठेवला.

आमच्या वेळी आमचा शहाणपणा मोठा होता असं नाही. आम्हाला उशीर सक्तीनं मिळायचा, एवढाच फरक. कथा लिहायची, सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची, सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकिटं लावलेलं पाकीट जोडायचं आणि वाट बघायची. तीन-चार महिन्यांनी ते पाकीट 'साभार परत' म्हणून दारात पडायचं. तोवर कथेचा ताप उतरलेला असायचा. स्वतःचंच लिखाण दुसऱ्या कुणाचं असावं तसं वाचता यायचं आणि कुठं खोटं बोललोय ते पहिल्या पानावरच सापडायचं. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडलं तेव्हा मी नुकताच बँकेत लागलो होतो. तिथं कथा पाठवायची माझी हिंमतच झाली नाही. पण श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहून कथा पुन्हा पुन्हा लिहायला लावत, हे आम्ही थोरांकडून ऐकत आलो होतो. आता संपादक नाही, पाकीट नाही. बोट टेकवलं की कथा मस्कतला. मधला काळच नाहीसा झाला, आणि नवा लेखक घडतो तो नेमका त्या काळात. तो आता ज्याचा त्यानं स्वतःच पैदा करायला हवा. लिहून झालं की वही पंधरा दिवस फडताळात टाकायची. मग घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवायचं. 'कसं वाटलं?' असं विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर 'छान' असंच येतं. 'कुठं कंटाळा आला?' असं विचारायचं. माझी पत्नी भाजी निवडता निवडता ऐकते. तिचा हात भरभर चालायला लागला की मी ते पान काढून टाकतो.

आणखी एक सांगितलं, ते जुन्या बँकवाल्याच्या सवयीनं. कुठल्याही ॲपवर 'मान्य आहे' दाबण्याआधी अटी वाच. कर्जाच्या कागदांवर न वाचता सह्या करणारी माणसं मी उभ्या नोकरीत पाहिली आहेत. आपल्या लेखनाचे हक्क कुणाकडं जातात, हे आधी बघावं.

हे सगळं झाल्यावर मी तिचे चौतीस भाग वाचले. दोन रात्री लागल्या. मुलीचा हात चांगला आहे. पण अकराव्या भागापाशी मी थांबलो. त्यात सासरहून परत आलेली एक सून होती, निळ्या दाराचं घर होतं, दारात कडुनिंब होता, आणि तिला माहेरी कुणी पोचवलं, का पोचवलं, हे सगळं होतं. नाव बदललेलं होतं. पण ते निळं दार आमच्या घरापासून चौथं आहे.

तिला बोलावून घेतलं. ती म्हणाली, "काका, नाव कुठं तेच ठेवलंय?" मग तिनं बिनतोड सवाल टाकला, "माडगूळकरांनी तरी 'माणदेशी माणसं'मध्ये खरीच माणसं लिहिली ना?" माडगूळं आटपाडी तालुक्यात, म्हणजे आमच्या शेजारचंच. हा सवाल इथल्या प्रत्येक लिहिणाऱ्यानं कधीतरी स्वतःला विचारलेला आहे. मला जे उत्तर सापडलं ते वाचनातून सापडलं नाही.

१९८६ साली मी माणदेशातल्या एका शाखेत होतो. एक म्हातारा शेतकरी दर सोमवारी येऊन बाकावर बसायचा. मुंबईला गेलेल्या मुलाकडून खात्यात पैसे येतील अशी त्याची आशा. मी लेजर काढायचो, बघायचो आणि मान हलवायचो. तो उठून जायचा. एकदा त्यानं त्या मुलाबद्दल सगळं सांगितलं, माझ्या टेबलापाशी, हळू आवाजात. मी त्याची कथा केली. गावाचं नाव बदललं, त्याचं बदललं. शिल्लक मात्र खरीच ठेवली, कारण तो आकडा मला फार बोलका वाटला होता. कथा एका दिवाळी अंकात छापून आली. मला पहिलं मानधन मिळालं, त्याचे पेढे शाखेत वाटले.

तो अंक त्या गावात पोचायला फाल्गुन उजाडला. वाचनालयात कुणीतरी तो मोठ्यानं वाचला. पुढच्या सोमवारी म्हातारा आला तो बाकावर बसला नाही. खातं बंद करायचं म्हणाला. एकशे बारा रुपये मोजून घेतले आणि जाताना म्हणाला, "साहेब, माझं खातं बँकंत हुतं. गावात न्हवतं."

खातेदाराची माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही, हे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी त्या माणसाचं खातं गावभर उघडं केलं होतं. त्याबद्दल मला बँकेत कुणी विचारलं नाही, आणि कथेचं कौतुकही झालं.

माडगूळकरांची माणसं वाचताना मला त्या माणसांचं दारिद्र्य दिसतं, लबाडी दिसते, पण आपण त्यांच्या घरात चोरून डोकावतो आहोत असं कुठं वाटत नाही. लेखक त्यांच्या शेजारी बसलेला आहे. मी त्या म्हाताऱ्याच्या शेजारी बसलो नव्हतो, टेबलाच्या पलीकडे होतो. माझा दिवाळी अंक पोचायला पाच महिने लागले, तिचा अकरावा भाग निळ्या दाराआड त्याच संध्याकाळी पोचलेला असू शकतो. नाव बदलून भागत नाही. दार बदल, गाव बदल, माणसाचा धंदा बदल. आणि ती सून घर सोडून का आली, हे तू ऐकलेलं लिहू नकोस. तू तिच्या जागी असतीस तर का आली असतीस, ते शोधून काढ. ते अवघड आहे, आणि कादंबरी सुरू होते ती तिथून. हे तिला पटलं की नाही, त्या दिवशी मला कळलं नाही. ती गप्प उठून गेली.

तुमच्याही घरात रात्री पांघरुणाखाली मोबाइलवर कुणी काही लिहीत असेल. 'अभ्यास सोडून हे काय' म्हणून त्याला धुडकावू नका, आणि न वाचता अंगठाही दाखवू नका. एकदा शेजारी बसून शेवटपर्यंत ऐका.

दोन आठवड्यांनी ती पुन्हा आली. हातात दोनशे पानी वही होती. अकरावा भाग तिनं काढून टाकला होता आणि पस्तिसावा अजून टाकला नव्हता. खालची रांग मात्र वाढतच होती : पुढचा भाग कधी, पुढचा भाग कधी. नागपूरच्या बाई रागावल्या होत्या. "त्यांना काय सांगू?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "वही भरतेय म्हणून सांग." मग जाता जाता तिनं तो दिवाळी अंक मागितला. तो मी इतक्या वर्षांत कुणाला दाखवला नव्हता, माझ्या कुठल्या संग्रहातही ती कथा नाही. ट्रंकेच्या तळातून काढून दिला. अजून तिनं तो परत केलेला नाही.