‘नातेवाईक’ कोण? आयकर कायद्याची यादी आणि आपण

फेब्रुवारी उजाडला की आमच्या स्टाफरूममध्ये पोर्शनपेक्षा फॉर्म सोळाचीच चर्चा जास्त. कोणाची पीपीएफची पावती राहिलेली, कोणाची विम्याची. यंदा एक सर सहज बोलून गेले, "माझं एक रिटर्न माझ्या नावाने आणि दुसरं एचयूएफच्या नावाने." उर्दू शिकवणाऱ्या आमच्या बाजींनी विचारलं, "हे एचयूएफ आम्हालाही काढता येतं का?" सर जरा ओशाळले. म्हणाले, "नाही बाजी, ते हिंदूंसाठी आहे." बाजी पुढे काही बोलल्या नाहीत, वह्या तपासत राहिल्या.

बाजींचा तो प्रश्न मला एका वेगळ्याच बातमीमुळे आठवत राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका समलिंगी जोडप्याच्या याचिकेवर ॲटर्नी जनरलना नोटीस काढली. याचिका लग्नाची नाही, आयकराची आहे. आपल्याकडे ही बातमी बहुतेकांनी "अस्तग़फ़िरुल्लाह" म्हणून पुढे ढकलली. पण ती नीट वाचायला हवी होती, कारण तिच्यात आपलाही हिशेब आहे.

कायदा असा आहे. वर्षभरात कोणाकडून ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम मोबदल्याशिवाय मिळाली, तर ती सगळीच्या सगळी तुमच्या उत्पन्नात धरली जाते. सूट आहे ती ‘नातेवाईकां’कडून मिळालेल्या भेटीला. आणि नातेवाईक कोण, याची यादी कायद्यातच दिली आहे: पती किंवा पत्नी, सख्खे भाऊ-बहीण, पती-पत्नीचे भाऊ-बहीण, आईवडिलांचे भाऊ-बहीण, थेट वरची आणि खालची पिढी, आणि या सगळ्यांचे जोडीदार. १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, यादीचा गाभा तोच राहिला. याचिकाकर्त्यांचं म्हणणं एवढंच, की आम्ही एकत्र घर चालवतो, पण कायद्याच्या नजरेत परके. एकाने दुसऱ्याला लाखभर रुपये दिले तर त्यावर कर, शेजारच्या नवरा-बायकोने दिले तर नाही.

आता हीच यादी घेऊन आपल्या मोहल्ल्यात या. एखाद्या मुलीची आई लहानपणी वारली, खालाने तिला वाढवलं, शिकवलं. मुलगी आज दुबईत नर्स आहे. खालाने भाचीला पैसे दिले तर सूट, कारण खाला ही आईची बहीण. पण भाचीने म्हाताऱ्या खालाला लाख रुपये पाठवले तर ते खालाच्या उत्पन्नात मिळवले जातात, कारण बहिणीची मुलगी यादीत नाही! चुलत भाऊ नाही, मामेबहीण नाही. आणि आपल्याकडे बिनकागदाने वाढवलेला यतीम? दत्तकाची कायदेशीर प्रक्रिया झालेली नसेल तर तोही परकाच. शरीयतप्रमाणे केलेला हिबा पक्का असतो, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२९ सुद्धा तो मान्य करतं. पण आयकर खातं हिबा बघत नाही, यादी बघतं.

(मियाँ-बीवींनीही फार खूश व्हायचं कारण नाही. बायकोला दिलेली भेट करमुक्त, पण त्या पैशांवर मिळणारं व्याज पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात जोडलं जातं. हे मला स्वतःला सीएने सांगेपर्यंत माहीत नव्हतं.)

समलिंगी निकाहाबद्दल आपल्या उलमांची भूमिका स्पष्ट आहे, आणि तिच्यात बदल सुचवायला मी बसलेलो नाही. २०२३ मध्ये जमियत उलमा-ए-हिंदने सर्वोच्च न्यायालयात जाऊन विरोध नोंदवला होता. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने अशा लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. पण तिथेच विषय संपला नाही. केंद्र सरकारने कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं, की अशा जोडप्यांना संयुक्त बँक खातं उघडता येईल, आणि रेशनकार्डासाठी त्यांना एकाच घरातले मानावं. म्हणजे लग्न मानलं नाही, पण चूल मानली. मला हा रस्ता चुकीचा वाटत नाही. निकाह हा दीनचा मामला, कर हा सरकार आणि नागरिक यांच्यातला. दोन्हीची गल्लत झाली की त्रास दोन्हीकडे होतो.

अमेरिकेत हे आधी घडून गेलंय. न्यूयॉर्कच्या एडिथ विंडसर यांची जोडीदार २००९ मध्ये वारली. दोघींचं लग्न कॅनडात झालेलं, पण केंद्रीय कायदा ते मानत नव्हता, म्हणून विंडसर यांना ३ लाख ६३ हजार डॉलर वारसा कर भरावा लागला. २०१३ मध्ये त्या सुप्रीम कोर्टात जिंकल्या आणि दोनच वर्षांत देशभर समलिंगी लग्नं कायदेशीर झाली. सुरुवात कराच्या पावतीपासून झाली, हे लक्षात घ्या.

तिथल्या धार्मिक संस्थांची भीतीही कराचीच होती. १९८३ मध्ये बॉब जोन्स विद्यापीठाची करसवलत वंशभेदामुळे गेली होती, धर्माचं कारण चाललं नाही. २०१५ च्या सुनावणीत न्यायमूर्ती अलिटोंनी हेच विचारलं, की उद्या धार्मिक कॉलेजांचंही असंच होणार का? सरकारी वकिलांनी ठाम नाही म्हटलं नाही. न्यू जर्सीत २००७ मध्ये तर एका ख्रिश्चन संस्थेच्या मंडपाची मालमत्ता करातली सूट गेलीच, कारण ‘सर्वांसाठी खुला’ म्हणून सूट घेतलेला तो मंडप त्यांनी एका जोडप्याला नाकारला. प्रार्थनेच्या जागेला हात लागला नाही, सूट गेली ती त्या मंडपाची. आपल्या ज्या ट्रस्टांचे शादीखाने आहेत त्यांनी हा फरक आजच समजून घ्यावा. कोणती जागा इबादतीची आणि कोणती सार्वजनिक म्हणून नोंदवली आहे, ती कागदपत्रं एकदा बाहेर काढून बघा.

आता बाजींच्या प्रश्नाकडे. एचयूएफ म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. त्याचं वेगळं पॅन, वेगळं रिटर्न, वेगळी करमुक्त मर्यादा. हिंदू, जैन, शीख, बौद्धांना ते मिळतं. मुसलमान, ख्रिश्चन, पारशांना नाही. समान नागरी कायद्याचा गजर करणाऱ्या भाषणांत याचा उल्लेख तुम्ही किती वेळा ऐकलात? उत्तराखंडने जानेवारी २०२५ पासून समान नागरी कायदा लागू केला, त्यात निकाह, तलाक, विरासत सगळं आलं. आयकर राज्याच्या हातात नाही, हे मान्य. पण संसदेच्या हातात आहे ना! विधी आयोगाने २०१८ मध्येच एचयूएफची करसवलत बंद करावी असं सुचवलं होतं. केरळने तर १९७५ मध्ये कायदा करून एकत्र हिंदू कुटुंबपद्धतच रद्द केली. आयकराचा नवा कायदा लिहिला गेला, तेव्हा संधी आली होती. एचयूएफ तसंच राहिलं.

म्हणून मुंबईची याचिका मला महत्त्वाची वाटते. कराच्या बाबतीत कुटुंब कोणाला म्हणायचं हे सरकारने मनाला येईल तसं ठरवावं, की कलम १४ च्या समानतेच्या कसोटीवर ते उतरायला हवं, हा तिच्यातला मुद्दा आहे. न्यायालयाने कसोटी लावली तर ती एका यादीपुरती राहीलच असं नाही. आपल्या संघटना यात पुन्हा हस्तक्षेप करायला निघाल्या, तर फक्त २०२३ चा अर्ज नव्याने टाइप करू नये. लग्नाबद्दलची आपली भूमिका मांडावी, जरूर मांडावी. पण त्याच अर्जात खालाचं आणि यतीमचंही नाव लिहावं, आणि एचयूएफबद्दल एक परिच्छेद घालावा. तो परिच्छेद लिहायला आमच्या बाजी तयार आहेत, मी विचारून ठेवलंय.