प्रिंटर घ्या, पण आधी टोनरची किंमत विचारा

सबमिशनच्या आदल्या रात्री कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात जे उभे राहिलेत, त्यांना वेगळं सांगायला नको. पुढे पंधरा जण, दादाचा एकच कॉम्प्युटर, आणि आपला नंबर लागल्यावर वर्डमधली मराठी फाइल उघडली तर वेलांट्या एकीकडे, अक्षरं दुसरीकडे! (पीडीएफ करून न्यायची अक्कल मला शेवटच्या सेमिस्टरला आली.) अशाच एका रात्रीनंतर फ्लॅटवरच्या आम्ही चौघींनी काँट्री काढून प्रिंटर घेतला. दुकानात सगळ्यात स्वस्त दिसला तो, रंगीत इंकजेट. दिवाळीची सुट्टी संपवून परत आलो तर शाई नोझलमध्येच सुकलेली. साफसफाईची कमांड चार वेळा दिली, त्यात उरलीसुरली शाईही संपली. सध्या त्याच्यावर आम्ही हेल्मेट ठेवतो.

चूक आमचीच होती. रोज थोडं थोडं प्रिंट काढणाऱ्याला इंकजेट चालतोही. पण आपलं काम तसं नसतं. दोन महिने एक पान नाही, मग दोन दिवसांत दोनशे. लेझर प्रिंटरमध्ये ओली शाई नसतेच. टोनर म्हणजे कोरडी पावडर. ती ड्रमवरून कागदावर येते आणि तापलेल्या रोलरखाली वितळून चिकटते. झेरॉक्स मशीनचंच हे भावंड. चेस्टर कार्लसनने १९३८ मध्ये पहिली प्रत काढली तीसुद्धा कोरड्या पावडरीनेच. त्यामुळे सुट्टीत सुकायला आत काही नाही. म्हणून विद्यार्थ्यांनी ब्लॅक अँड व्हाइट लेझरच बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे. रंगीत लेझरला चार रंगांचे टोनर लागतात, तो नाद नको. वर्षातून एकदा लागणारं पोस्टर दुकानातून आणता येतं.

पण इथेही आपण प्रिंटरची किंमत बघतो आणि फसतो. किंमत बघायची ती टोनरची. समजा, प्रिंटर १२ हजारांचा आहे. कंपनीचं कार्ट्रिज २,४०० रुपयांचं आणि त्यात १,५०० पानं निघतात. म्हणजे पानामागे १ रुपया ६० पैसे. कागदाचे ६० पैसे धरले तर २ रुपये २० पैसे. दुकानात ३ रुपये घेत असतील, तर वाचले फक्त ८० पैसे. प्रिंटरचे पैसे वसूल व्हायला १५ हजार पानं छापावी लागतील! तेच कार्ट्रिज ३०० रुपयांत रिफिल होत असेल, तर पान पडतं ८० पैशांना आणि साडेपाच हजार पानांत हिशोब मिटतो. चौघींत वाटले तर प्रत्येकी चौदाशेच्या आत. वीज आणि दुरुस्ती यात धरलेली नाही. तुमच्या गल्लीतले दर टाकून हा हिशोब कागदावर मांडा, मगच काँट्री गोळा करा.

दुकानदाराला विचारायचे प्रश्नही यातूनच निघतात. बॉक्समधलं कार्ट्रिज पूर्ण भरलेलं आहे की नुसतं ‘स्टार्टर’? स्टार्टर लवकर संपतं. रिफिल चालतं का, की चिप आहे? काही कंपन्या सॉफ्टवेअर अपडेटमधून बाहेरची कार्ट्रिज बंद पाडतात. आपण पैसे मोजून घेतलेल्या मशीनमध्ये काय घालायचं हे कंपनीने ठरवावं, हे मला तरी पटत नाही. ड्रम वेगळा आहे का? ब्रदरच्या काही घरगुती मॉडेलमध्ये तो वेगळा असतो आणि १२ हजारांच्या आसपास पानं चालतो. कार्ट्रिजमध्येच ड्रम असेल, तर दोन-तीन रिफिलनंतर पानावर रेघा उमटू शकतात. शिवाय पानांचा छापील आकडा साधारण ५ टक्के काळ्या भागावर काढलेला असतो. तुमच्या आकृत्यांनी गच्च भरलेल्या पानांना तो लागू नाही.

पाठपोट छपाई आपोआप होत असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही, फक्त तुमचे सर पाठपोट घेतात का ते विचारा. आणि प्रिंटर घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर लावू नका, रोलर तापताना तो बरीच वीज ओढतो.

वर्षाला शंभर-दीडशे पानं काढणाऱ्या एकट्याने प्रिंटर घेऊच नये. त्याला झेरॉक्सचं दुकानच स्वस्त. आमच्यासाठी मात्र पैशांपलीकडे एक कारण आहे. स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी आधार कार्ड, मार्कशीट, फोटो सगळं आपण दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर पाठवतो. प्रिंट घेऊन निघतो, फाइल तिथेच राहते. सोबत आपला मोबाइल नंबरही. दादा चांगला आहे हो, पण त्या कॉम्प्युटरवर दिवसभरात कोण कोण बसतं?

आम्ही परत काँट्री काढली आहे. यावेळी टोनरचा भाव आधी विचारून आलो आणि दोन मॉडेल बाद केली. वर्षअखेर फ्लॅट सोडताना प्रिंटर कोणाकडे जाणार, यावर मात्र भांडण चालू आहे.