पडद्यामागचा सारथी

दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीला दिला जाणारा सर्वसाधारण आधार थांबविला. बीड, परळी, अंबाजोगाई किंवा माजलगाव येथील दुकानात, शिकवणीवर्गात वा घरात दहा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक असेल, तर तो यंत्र म्हणून धडधाकट असूनही ‘विंडोज ११’साठी बहुधा अपात्र ठरतो. नवा घ्यावा तर खर्चाचा भार, जुनाच चालवावा तर सुरक्षिततेची चिंता. या पेचातून सुटण्याचा एक प्रामाणिक मार्ग म्हणजे लिनक्स ही विनामूल्य व मुक्त प्रणाली. उबुंटू आणि लिनक्स मिंट ही तिची घरगुती वापरास सोयीची रूपे होत.

मात्र या वाटेवर पुष्कळांची पहिली ठेच लागते ती पडद्यापाशी. प्रणाली बसते, पण अक्षरे फुगीर दिसतात, चित्रफीत अडखळते, क्वचित सारा पडदाच काळा होतो. हा दोष सहसा यंत्राचा नसतो. पडद्यावरील चित्र घडविणारे ग्राफिक्स कार्ड आणि प्रणाली यांच्यामध्ये एक दुभाषा लागतो; त्यास ‘ड्रायव्हर’ म्हणतात. रथ उत्तम, घोडे उत्तम, पण सारथीच अनोळखी असेल तर प्रवास कसा व्हावा?

कार्ड कोणत्या कंपनीचे, यावर पुढचे सारे अवलंबून असते. इंटेल व एएमडी यांचे ड्रायव्हर मुक्त असून ते लिनक्ससोबतच येतात. तेथे वेगळे काही बसवावे लागत नाही. एनव्हिडियाची गोष्ट निराळी. तिने आपल्या ड्रायव्हरची मूळ संहिता दीर्घकाळ गुप्त ठेवली. स्वयंसेवकांनी कार्डाच्या वर्तनाचा अभ्यास करून ‘नूव्हो’ नावाचा मुक्त ड्रायव्हर रचला, तरी कार्डाची पूर्ण शक्ती त्याच्या हाती आली नाही. २०१२ साली फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी या कंपनीवर जाहीरपणे अतिशय कठोर शब्दांत टीका केली होती. मे २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा गाभ्याशी जोडलेला भाग खुला केला. तोही २०१८ पासूनच्या पिढीच्या कार्डांसाठीच.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमागेही अशीच एक अडचण होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. १९८०च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन यांना एका छपाई यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा करावयाची होती. पण त्याची संहिता त्यांना नाकारण्यात आली. पुढे १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली.

आता प्रत्यक्ष कृती. प्रथम महत्त्वाची कागदपत्रे, हिशेब व छायाचित्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावीत. लिनक्स संगणकावर कायमची बसविण्यापूर्वी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहावी. पडदा नीट दिसत असेल आणि काम हिशेब, पत्रव्यवहार व अभ्यास एवढेच असेल, तर ड्रायव्हर बदलूच नये. त्रिमितीय चित्रण, खेळ किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यास यांसाठी मात्र एनव्हिडियाचा ड्रायव्हर उपयोगी पडतो.

तो कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट उतरवून बसविण्याचा मोह टाळावा. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, अद्ययावत झाला की असा ड्रायव्हर तुटण्याचा संभव असतो. उबुंटूमध्ये ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ आणि मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ अशी सोय आहे. तेथे आपल्या कार्डास योग्य त्या आवृत्त्या दिसतात. ज्यापुढे ‘रेकमेंडेड’ असे लिहिलेले असते ती निवडावी. काही शे मेगाबाइट उतरवावे लागतात, म्हणून इंटरनेट व वीज यांची खात्री करूनच हे काम हाती घ्यावे.

‘सिक्युअर बूट’ चालू असेल तर मध्येच एक संकेतशब्द ठरविण्यास सांगितले जाते. संगणक पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो. तेथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच संकेतशब्द द्यावा. पुष्कळजण घाईने ही पायरी ओलांडतात आणि ड्रायव्हर बसूनही चालत नाही, म्हणून निराश होतात.

एवढे करूनही पडदा काळाच राहिला, तर सर्व पुसून टाकण्याची घाई करू नये. सुरुवातीस शिफ्ट किंवा एस्केप कळ दाबून ग्रब ही यादी उघडावी व ‘रिकव्हरी मोड’मधून नवा ड्रायव्हर काढून टाकावा. साठविलेली माहिती बहुधा जशीच्या तशी असते. बिघडलेला असतो तो केवळ सारथी.

हे शिकण्यासाठी मोठ्या शहरात जाण्याचीही गरज नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पाने लिनक्सचे छोटे दृक्-श्राव्य पाठ मराठीतही विनामूल्य उपलब्ध केले आहेत. घरातील विद्यार्थ्याने रविवारची एक दुपार वडीलधाऱ्यांसह या कामास दिली, तर भंगारात निघालेला संगणक आणखी काही वर्षे घराची सेवा करील.