यंत्र आले, कारागीर कुठे आहे?

सरकारी रुग्णालयात नवे यंत्र आले की फीत कापायला पुढाऱ्यांची रांग लागते. तेच यंत्र बंद पडले की त्यावर चादर टाकली जाते आणि रुग्णाच्या हाती खासगी केंद्राची चिठ्ठी दिली जाते. ती चिठ्ठी कोणाला परवडत नाही, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

हा रोग सर्वच गरीब देशांचा आहे. तेथील सुमारे ४० टक्के वैद्यकीय उपकरणे नादुरुस्त असल्याचे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. पण ड्यूक विद्यापीठाचे रॉबर्ट माल्किन व त्यांच्या सहकारी संशोधिकेने २०१० मध्येच याहून महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली होती. ११ देशांतील ६० रुग्णालयांच्या २,८४९ तक्रारी त्यांनी तपासल्या. त्यांतील बंद पडलेल्या उपकरणांपैकी ६६ टक्के उपकरणे परदेशी सुटा भाग न मागवता, अवघी १०७ कौशल्ये येणारा माणूस पुन्हा चालू करू शकत होता. कोणती कौशल्ये? वायरिंग, वीजपुरवठा, मोटार, नळजोडणी, यंत्राची जोडणी आणि ते वापरणाऱ्याला नीट शिकवणे. यासाठी आयआयटी लागत नाही. वस्तीत पंखे-मिक्सर दुरुस्त करणारा आमचा पोरगा हे काही महिन्यांत शिकेल.

भारतात २०१५ साली राष्ट्रीय आरोग्य अभियानातून उपकरण देखभालीचा कार्यक्रम आला. त्यासाठी मोजणी झाली तेव्हा राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद निघाली. जिल्हा रुग्णालयातील यंत्रे ९५ टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील ८० टक्के वेळ चालू राहिली पाहिजेत, ही अट चांगलीच आहे. परंतु बहुतेक ठिकाणी काम दिले गेले खासगी एजन्सीला! मेख इथेच आहे. एजन्सीच्या भरतीला ना आरक्षण, ना नोकरीची शाश्वती. ठेका संपला की कारागीर गेला आणि त्याच्याबरोबर कौशल्यही गेले. आयटीआयमध्ये वैद्यकीय इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम आहे. मग तालुक्याच्या रुग्णालयात त्याचे मंजूर पद का असू नये?

पैसा नाही, हे उत्तर चालणार नाही. पश्चिम बंगालच्या एका शेतमजुराला सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच बजावले आहे की, तातडीचे उपचार हा कलम २१ खालील हक्क असून आर्थिक अडचणीची सबब शासनाला सांगता येणार नाही.

कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकावा. आपल्या रुग्णालयात कोणते यंत्र कोणत्या तारखेपासून बंद आहे, तक्रार केव्हा नोंदवली, दुरुस्तीला कोण आले आणि एजन्सीला किती रक्कम दिली, एवढेच विचारावे. उत्तर आले नाही तर तीस दिवसांनी अपील करावे.